भारी धक्क्याच्या रायफलीसाठी अल्पविवर्धनी दुर्बिणीची निवड

रायफलीवर बसवावयाच्या दुर्बिणीची निवड हा विषय सामान्यतः शिकाऱ्यांच्या बैठकीतला अथवा व्यापाऱ्यांच्या सूचिपत्रातला मानला जातो. विद्यापीठीय पत्रिकेत त्यास स्थान का द्यावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, यामिकी आणि प्रकाशशास्त्र ही दोन प्रकरणे आपण वर्गात वेगवेगळी शिकतो. प्रस्तुत उपकरणात मात्र ती एकाच नळीत एकत्र येतात आणि त्यांच्या मागण्या एकमेकींस छेद देतात. अशा प्रसंगी कोणत्या मागणीस अग्रक्रम द्यावयाचा, हे ठरविणे म्हणजेच उपयोजित विज्ञान होय.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने आणि त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने शिकारीची दारे जवळजवळ पूर्णपणे बंद झाली. आफ्रिकेत केन्याने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. तथापि टांझानिया, झिंबाब्वे, मोझांबिक, दक्षिण आफ्रिका आदी देशांत परवान्याने होणारी शिकार आजही चालू आहे. तेथील केप रेडा हा या विवेचनातील मध्यवर्ती प्राणी होय. पूर्ण वाढ झालेला नर सुमारे सातशे किलोग्रॅम वजनाचा असतो आणि पुष्कळदा तो दाट झुडपांत, अल्प अंतरावर गाठावा लागतो. नेम चुकून तो केवळ जखमी झाला, तर त्याच्या मागावर झुडपात शिरण्याचा प्रसंग येतो. आणि तेव्हा पुढे असतो तो स्थानिक मागकाढ्या. दुर्बिणीच्या निवडीत झालेली चूक कित्येकदा अशा माणसास भोगावी लागते. शिकार असावी की नसावी, या वादात येथे शिरावयाचे नाही. ज्या ठिकाणी ती होते तेथे पहिलीच गोळी योग्य जागी बसावी, एवढेच गृहीत धरून पुढील विचार मांडला आहे.

आरंभीच प्रतिपाद्य सांगून टाकणे बरे. दुर्बीण घेताना बहुतेक लोक प्रथम विवर्धन पाहतात, मग भिंगाचा व्यास, मग क्रॉसवायरची घडण; आणि डोळ्यापासूनचे अंतर व बसविण्याचे साहित्य यांचा विचार शेवटी करतात. भारी धक्क्याच्या रायफलीसाठी हा क्रम बरोबर उलटा असावयास हवा.

धक्क्याचे गणित

प्रथम धक्क्याचे परिमाण ठरवू. गोळी सुटण्यापूर्वी रायफल, गोळी आणि दारू यांचा एकत्रित संवेग शून्य असतो. म्हणून गोळी व मागोमाग बाहेर पडणारे वायू यांस पुढच्या दिशेने जितका संवेग मिळतो, तितकाच रायफलीस मागच्या दिशेने मिळतो. रायफलीच्या काडतुसांत वायूंचा सरासरी वेग गोळीच्या वेगाच्या सुमारे पावणेदोन पट धरण्याचा प्रघात आहे.

.३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे काडतूस १९१२ साली प्रचारात आले आणि आजही आफ्रिकेतील अनेक देशांत धोकादायक प्राण्यांसाठी किमान मर्यादा म्हणून तेच धरले जाते. त्याची गोळी १९.४ ग्रॅम वजनाची असून वेग सेकंदास सुमारे ७७० मीटर असतो. म्हणजे गोळीचा संवेग १५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद झाला. दारू ४.९ ग्रॅम धरली, तर वायूंचा संवेग सुमारे ६.६ येतो. एकूण संवेग २१.६. दुर्बिणीसह रायफलीचे वजन ४.२ किलोग्रॅम असल्यास तिचा मागे येण्याचा वेग सेकंदास ५.१ मीटर आणि गतिज ऊर्जा सुमारे ५५ ज्यूल येते.

तुलनेसाठी हाच हिशेब इतर काडतुसांस लावून पाहू. हरणासारख्या प्राण्यांसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या .३०-०६ च्या ३.८ किलोग्रॅम वजनाच्या रायफलीत ही ऊर्जा सुमारे २९ ज्यूल असते. १९५६ साली आलेल्या .४५८ विंचेस्टर मॅग्नममध्ये ती सुमारे ७६ ज्यूल होते. आणि १९११ च्या.४१६ रिग्बीमध्ये, रायफल ४.५ किलोग्रॅमची धरूनही, ८० च्या वर जाते. दारूचे प्रमाण व रायफलीचे वजन यांनुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतील. परंतु मोठ्या व्यासाच्या रायफलीचा धक्का साधारण रायफलीच्या दुपटीतिपटीने असतो, हा निष्कर्ष ढळत नाही. साधारण रायफलीवर वर्षानुवर्षे उत्तम चाललेली दुर्बीण येथे का निरुपयोगी ठरते, याचे मूळ या एका वाक्यात आहे.

नेत्रांतर : पहिली कसोटी

दुर्बिणीच्या नेत्रिकेपासून डोळा एका ठराविक अंतरावर ठेवला म्हणजेच संपूर्ण दृश्य दिसते. या अंतरास व्यवहारात ‘आय रिलीफ’ म्हणतात. आपण त्यास नेत्रांतर म्हणू. सूक्ष्मदर्शकात अथवा हातातील दुर्बिणीत ते दहा-वीस मिलिमीटर असले तरी चालते, कारण ती उपकरणे डोळ्याकडे धावून येत नाहीत. रायफलीवरील दुर्बीण धावून येते.

वर काढलेला वेग लक्षात घेऊ. सेकंदास ५.१ मीटर वेगाने ९० मिलिमीटर अंतर काटण्यास सुमारे १८ मिलिसेकंद लागतात. नेत्रांतर ५० मिलिमीटर असेल तर अवघे १०. मोठ्या आवाजाने पापणी मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होण्यास साधारणपणे ३० ते ५० मिलिसेकंद जातात. तात्पर्य, शरीराची स्वाभाविक संरक्षणव्यवस्था जागी होण्यापूर्वीच घडावयाचे ते घडून गेलेले असते. पापणी, सावधपणा, अनुभव यांपैकी काहीही नेत्रिकेची कड अडवीत नाही. तिला अडविते ते केवळ अंतर आणि खांद्याचा प्रतिरोध. अंतर अपुरे असल्यास भुवईवर चंद्रकोरीच्या आकाराची जखम होते. जखम भरून येते. परंतु पुढच्या वेळी चाप ओढताना मान आपोआप आखडते आणि नेम बिघडतो. हा परिणाम जखमेहून अधिक घातक होय.

यास्तव .३७५ व त्यावरील रायफलींसाठी नेत्रांतर किमान ९० मिलिमीटर असावे. १०० असल्यास अधिक चांगले. येथे दोन गोष्टींची दक्षता आवश्यक आहे. पहिली अशी की, अनेक बदलत्या विवर्धनाच्या दुर्बिणींत विवर्धन वाढविले असता नेत्रांतर कमी होते. म्हणून सूचिपत्रातील मोठा आकडा न पाहता सर्वाधिक विवर्धनास असणारा आकडा पाहावा. दुसरी अशी की, उभ्याने नेम धरताना डोळा जितका दूर असतो तितका तो निजून अथवा चढाच्या दिशेने नेम धरताना राहत नाही. चढाकडे नेम धरला असता दस्ता खांद्यावर खाली सरकतो आणि दुर्बीण कपाळाच्या जवळ येते. दुर्बीण पुढेमागे सरकवून पक्की करावयाची ती याच अवघड आसनात, अंगावर शिकारीचे कपडे घालून आणि विवर्धन सर्वाधिक ठेवून.

अंतराचे मोल

मग सर्वच दुर्बिणींचे नेत्रांतर मोठे का करीत नाहीत? कारण प्रकाशशास्त्र त्याचे मोल मागते. नेत्रांतर ‘ल’, नेत्रिकेतून दिसणाऱ्या दृश्याचा आभासी कोन ‘क’ आणि दुर्बिणीतून बाहेर येणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास ‘न’ असेल, तर कडेपर्यंत स्वच्छ दृश्य दिसण्यासाठी नेत्रिकेच्या भिंगाचा व्यास, ‘न’ अधिक ‘ल’ची दुप्पट गुणिले ‘क’च्या निम्म्याची स्पर्शज्या, इतका तरी असावा लागतो. साध्या भूमितीने हे सूत्र सिद्ध होते.

कोन २२ अंश आणि ‘न’ ६ मिलिमीटर धरू. नेत्रांतर ५० मिलिमीटर असता भिंगाचा व्यास २५ मिलिमीटर पुरतो. ९० असता तो ४१ मिलिमीटर लागतो. भिंग ३५ मिलिमीटरचेच ठेवून ९० मिलिमीटरचा आग्रह धरला, तर आभासी कोन सुमारे १८ अंशांवर येतो. चौपट विवर्धनास १०० मीटरवर ९.६ मीटर रुंदीचे क्षेत्र दिसत होते ते ८ मीटर होते. म्हणजेच दीर्घ नेत्रांतर, विस्तृत दृष्टिक्षेत्र आणि लहान, हलकी नेत्रिका या तीन गोष्टी एकाच वेळी पदरात पडत नाहीत. विक्रेता तिन्ही देऊ करीत असेल, तर आकड्यांपैकी एखादा अल्पतम विवर्धनाचा आहे असे समजावे.

विवर्धन किती हवे?

निरोगी डोळ्याची विभेदनक्षमता सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, धरली जाते. १०० मीटरवर तो कोन २९ मिलिमीटरचा होतो. चौपट विवर्धनाने १५० मीटरवर सुमारे ११ मिलिमीटरचा तपशील ओळखता येतो. रेड्याच्या हृदय-फुप्फुसांचा लक्ष्यभाग तीस सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे या अंतरापर्यंत चौपट विवर्धन पुरून उरते. आणि रेड्यावर याहून दूर अंतरावरून गोळी झाडणे सुज्ञपणाचे मानले जात नाही. .३७५ ने २०० मीटरवर मोठे हरीण मारावयाचे झाले, तरी पाच-सहा पटींहून अधिक विवर्धनाची गरज सिद्ध करता येत नाही.

खरा कस लागतो तो दुसऱ्या टोकास. १५ मीटरवरील झुडपातून रेडा बाहेर आला, अशी कल्पना करा. त्याचे शरीर दोन ते तीन मीटर लांबीचे. चौपट विवर्धनास त्या अंतरावर दिसणारे क्षेत्र जेमतेम १.४ मीटर, सहापटीस सुमारे एक मीटर. दुर्बिणीत दिसते ती केवळ काळी कातडी. खांदा कोणता आणि पोट कोणते, हे कळावयास मार्ग नाही. ३ ते ९ पट विवर्धनाची, ४० मिलिमीटर भिंगाची जी दुर्बीण साधारण रायफलींवर लोकप्रिय आहे, ती अल्पतम विवर्धनासही सुमारे १.७ मीटरच दाखविते. उलट १.१ पट विवर्धनास जी दुर्बीण १०० मीटरवर ३६ मीटरचे क्षेत्र दाखविते, तीत १५ मीटरवर ५.४ मीटर रुंदी सामावते. संपूर्ण प्राणी आणि त्याच्या भोवतालचे झुडूपही दिसते. शिवाय विवर्धन एकाच्या जवळ असता दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो, कारण दोन डोळ्यांच्या प्रतिमांत आकाराचा विरोध राहत नाही.

म्हणून वरची मर्यादा चार, पाच की सहा, याविषयी वाद घालण्यापेक्षा खालची मर्यादा दीडच्या वर नाही ना, हे पाहावे. एक ते आठ पटींच्या दुर्बिणीही मिळतात. परंतु त्यांत अधिक भिंगे, अधिक वजन आणि अधिक हलते भाग येतात. ज्या चार पटी कधी लागणार नाहीत, त्यांचे ओझे धक्क्याच्या प्रत्येक क्षणी वाहावे लागते.

पदार्थभिंगाचा व्यास भागिले विवर्धन म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास. २४ मिलिमीटर भिंगास चौपटीला तो ६ मिलिमीटर आणि सहापटीला ४ मिलिमीटर येतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. वयाबरोबर ती आकुंचते. तेव्हा संधिप्रकाशातही २४ मिलिमीटरचे भिंग चौपटीस अपुरे पडत नाही. रुंद शलाकेचा आणखी एक लाभ आहे. घाईत रायफल खांद्यास लावली असता डोळा अक्षाच्या किंचित बाजूस राहिला तरी दृश्य काळवंडत नाही.

वस्तुमान आणि बैठक

आता दुर्बिणीवर पडणाऱ्या बलाकडे वळू. .३७५ च्या काडतुसातील कमाल दाब सुमारे ४३० मेगापास्कल आणि नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ ७१ चौरस मिलिमीटर धरल्यास गोळीवरील आणि म्हणून रायफलीवरील कमाल बल ३०,००० न्यूटनहून अधिक येते. ४.२ किलोग्रॅमच्या रायफलीस त्यामुळे सेकंदवर्गास सुमारे ७,३०० मीटर त्वरण मिळते. हे गुरुत्वत्वरणाच्या सातशे पटींहून अधिक आहे, जरी ते मिलिसेकंदाच्या अंशापुरतेच टिकते. रायफल मागे निघते. दुर्बीण जडत्वाने जागीच राहू पाहते. तिला मागे ओढून नेण्याचे काम कड्यांनी करावयाचे. दुर्बीण ४५० ग्रॅमची असेल तर कड्यांवर क्षणभर सुमारे ३,३०० न्यूटन, म्हणजे तीन क्विंटलांहून अधिक वजनाइतके बल येते. दुर्बीण ६७५ ग्रॅमची असेल तर हे बल दीडपट होते. कड्यांची पकड घर्षणावर अवलंबून असते आणि कडी वाटेल तितकी आवळावीत तर नळी चेमटते. म्हणून वजन कमी करणे हाच मूलगामी उपाय होय.

अल्पविवर्धनी दुर्बिणीचे पुढचे तोंड फुगीर नसते. नळी सरळ असते. त्यामुळे ती हलकी राहते, नळीच्या जवळ खाली बसते आणि पुढेमागे सरकविण्यास वाव मिळतो. .३७५ चे काडतूस ९१ मिलिमीटर लांबीचे असल्याने रायफलीचा रिसीव्हरही लांब असतो आणि कड्यांमधील अंतर वाढते. अशा वेळी आखूड दुर्बीण योग्य नेत्रांतरावर आणता येतेच असे नाही. म्हणून खरेदीपूर्वी दुर्बिणीच्या सरळ नळीची लांबी मोजून पाहावी.

कड्यांखालील पाया रिसीव्हरवर स्क्रूंनी बसविलेला असतो. अमेरिकन पद्धतीतील ६-४८ स्क्रूचा व्यास ३.५ मिलिमीटर, तर ८-४० चा ४.२ मिलिमीटर असतो. छेदाचे क्षेत्रफळ सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढते आणि कातरबलास तोंड देण्याची शक्ती त्या प्रमाणात वाढते. भारी रायफलीस ८-४० स्क्रू वापरण्याचे कारण हेच. याहूनही चांगली योजना म्हणजे पाया रिसीव्हरच्या पोलादातच कोरलेला असणे. रूगर एम ७७ किंवा सीझेड ५५० या रायफलींत ती आढळते. धक्क्याच्या दिशेस आडवी खाच आणि तीत बसणारा कड्याचा दात असल्यास बल स्क्रूंऐवजी पोलादावर जाते.

नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारे सच्छिद्र साधन बसविलेले असेल, तर गोळी सुटताच वायू रायफलीस पुढे खेचतात. दुर्बिणीस मग उलट दिशेचाही हिसका बसतो. खांद्यास सुख मिळाले म्हणून दुर्बिणीसही मिळाले, असे मानू नये.

क्रॉसवायर आणि पराशय

दुर्बिणीच्या आत प्रतिमा सुलटी करणारी भिंगे असतात. विवर्धन बदलते ते त्यांच्या हालचालीने. क्रॉसवायर त्यांच्या पुढे असेल तर विवर्धनाबरोबर तीही लहानमोठी दिसते. मागे असेल तर तिची जाडी कायम राहते. पहिल्या प्रकारात विवर्धन बदलल्याने नेमबिंदू सरकत नाही, हा गुण आहे. परंतु जवळच्या अंतरासाठी विवर्धन एकावर आणले की क्रॉसवायर चौपटीच्या मानाने चतुर्थांश बारीक दिसते आणि काळ्या कातडीवर, सावलीत, ती हरवते. नेमकी सर्वाधिक गरज असेल तेव्हाच ती दिसेनाशी व्हावी, हा दोष आपल्या कामी अक्षम्य होय. दुसऱ्या प्रकारात नेमबिंदू एखाद्या कलेने सरकला तरी ५० मीटरवर त्याची किंमत १५ मिलिमीटर. ती सोसण्याजोगी आहे. म्हणून मागच्या प्रतलातील, बाहेरून जाड व मध्याशी बारीक अशी क्रॉसवायर पसंत करावी. मध्यबिंदू प्रकाशित होत असल्यास उत्तम. पण विजेरी संपली तरी क्रॉसवायर दिसली पाहिजे.

पराशयाची चिंता मात्र येथे अनाठायी आहे. दुर्बीण १०० मीटरला पराशयरहित केली असता २० मीटरवर होणारी कमाल चूक, भिंगाच्या त्रिज्येच्या चार-पंचमांश, म्हणजे २४ मिलिमीटर भिंगास दहा मिलिमीटरहून कमी भरते. पराशय घालविण्याचे वेगळे चक्र, त्याचे वजन आणि त्याची किंमत ही सारी व्यर्थ होत.

उपकरणाची परीक्षा

कोणतेही उपकरण केव्हातरी निकामी होणारच, हे गृहीत धरावे. काचेवर पाऊस पडतो, धुके साचते, रायफल हातून पडते. म्हणून भारी रायफलीवर मक्षिका व मागची खाच ही साधी नेम-साधने असावीत आणि दुर्बीण हत्याराविना काढता येईल अशा कड्यांत बसवावी. मात्र ‘काढून पुन्हा बसविली तरी नेम ढळत नाही’ हे निर्मात्याचे विधान प्रयोगाने तपासून घ्यावे. तीन गोळ्या झाडाव्यात, दुर्बीण काढून पुन्हा बसवावी, पुन्हा तीन झाडाव्यात. दोन्ही समूहांचे मध्य जुळले पाहिजेत. कड्याच्या कडेशी नळीवर पेन्सिलीने बारीक रेघ ओढून ठेवावी. पूर्ण शक्तीची वीस काडतुसे झाडल्यावर ती रेघ कड्यापासून सरकलेली दिसली, तर पकड अपुरी आहे. रेघ जागेवर असून नेम भटकत असेल, तर दोष दुर्बिणीच्या आतील भिंगांच्या बैठकीत शोधावा.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा. प्रथम सर्वाधिक विवर्धनासही ९० मिलिमीटरहून कमी न होणारे नेत्रांतर. नंतर हलके वजन आणि भक्कम बैठक. नंतर एक ते दीड पटींची खालची मर्यादा व विस्तृत क्षेत्र. नंतर ठळक क्रॉसवायर. आणि सर्वांत शेवटी वरचे विवर्धन. हा क्रम कोणाच्या आवडीनिवडीतून आलेला नाही. संवेगाची अक्षय्यता, नेत्रिकेची भूमिती आणि डोळ्याची मर्यादा या तिहींचा हिशेब मांडला असता तो आपोआप निष्पन्न होतो. अभिकल्पाच्या कोणत्याही प्रश्नात ‘काय मिळेल’ याआधी ‘काय गमावून चालणार नाही’ हे विचारावे, एवढा बोध आमच्या विद्यार्थ्यांनी यातून घेतला, तरी विषयाचे चीज झाले असे म्हणावयास हरकत नाही.